वाचकांचे प्रश्न : प्रयोगासाठी निरोगी तरुणच का?

गेल्या अंकात रक्तदाबाविषयी लिहिताना ‘१८ ते २५ वयोगटातील निरोगी व्यक्तींवर केलेल्या मोजमापांनुसार’ असे शब्द ओघात येऊन गेले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना रक्तदाबापेक्षा या निरोगी व्यक्तींविषयीच अधिक कुतूहल आहे. या व्यक्ती कोण असतात, त्यांना कोण निवडते, त्यांच्यावर नेमके काय केले जाते आणि त्यांच्यावरून निघालेले आकडे आपल्याला कितपत लागू पडतात, असे हे प्रश्न आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या एका संशोधनात हात बर्फाच्या पाण्यात बुडवून रक्तदाब मोजणार आहेत आणि त्यासाठी वर्गातून नावे मागवली आहेत. यात काही धोका आहे का? नाव दिले नाही तर सर नाराज होतील, अशीही तिला भीती वाटते. – एक आई, कऱ्हाड

उत्तर : ही चाचणी जुनी आहे. गेल्या शतकाच्या तिशीच्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी ती रूढ केली. आज ज्यांचा रक्तदाब ठीक आहे त्यांच्यापैकी पुढे कोणाचा वाढेल, हे आधीच ओळखता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. प्रथम दहा-पंधरा मिनिटे शांत बसवून रक्तदाब घेतात. मग एक हात मनगटापर्यंत साधारण ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात एक मिनिट ठेवायला सांगतात आणि दुसऱ्या दंडावर पट्टा बांधून मोजणी चालू ठेवतात. पहिल्या काही सेकंदांत केवळ गारवा जाणवतो, त्यानंतर हाताला ठणका लागतो, आणि खरे काम हा ठणकाच करतो. वेदनेचा संदेश मेंदूकडे गेला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जायंत्रणा, जागी होते, हातापायांतील लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वरचा रक्तदाब निरोगी तरुणांत बहुधा १० ते २० मिलिमीटरने चढतो. हात बाहेर काढल्यावर तो काही मिनिटांत पूर्ववत होतो. निरोगी व्यक्तीला यात त्रास होतो तो त्या एका मिनिटापुरता. मात्र ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, अथवा थंडीत ज्यांची बोटे पांढरीनिळी पडतात, त्यांनी ही चाचणी करू नये. असे काही असेल तर मुलीने ते आधीच सांगावे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांकडे विशेष संरक्षणाची गरज असलेला गट म्हणून पाहिले आहे, आणि त्याचे कारण नेमके आपल्या मुलीला वाटणारी भीती हेच आहे. ज्या शिक्षकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्यानेच वर्गात उभे राहून ‘कोण येणार?’ असे विचारले, तर त्यावर आलेला होकार स्वेच्छेचा म्हणता येत नाही. म्हणून नावे मागण्याचे काम त्या वर्गाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावे, माहितीपत्रक समजेल अशा भाषेत आधी हातात पडावे, विचार करायला वेळ मिळावा, आणि नकार देण्याने किंवा मध्येच बाहेर पडण्याने शैक्षणिक नुकसान होणार नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता असल्याशिवाय असे संशोधन सुरू करता येत नाही. या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि तिच्यात कायद्याची जाणकार व्यक्ती तसेच वैद्यकाबाहेरची एक सामान्य व्यक्तीही असते. माहितीपत्रकावर समितीच्या संपर्काचा तपशील असतो. मुलीने तो पाहून ठेवावा आणि नको वाटत असेल तर सरळ नाही म्हणावे.

प्रश्न : शरीराचा अभ्यास तर सगळ्यांसाठी असतो, मग प्रत्येक वेळी १८ ते २५ हेच वय का घेतात? – एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : याला एक शास्त्रीय कारण आहे आणि एक सोयीचे.

शास्त्रीय कारण असे की, या वयात वाढ जवळपास संपलेली असते आणि झीज सुरू झालेली नसते. फुप्फुसांची क्षमता साधारण २० ते २५ या वयात शिखरावर असते. पुढे धूम्रपान न करणाऱ्यांचीही पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा दरवर्षी २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. मधुमेह, रक्तदाब, त्यांवरच्या गोळ्या, सांध्यांचे दुखणे यांची भर नसल्याने एखाद्या गोष्टीचा शरीरावर होणारा परिणाम स्पष्ट दिसतो. तोच प्रयोग साठीतल्या व्यक्तींवर केला, तर दिसलेला बदल प्रयोगामुळे झाला की सकाळच्या गोळीमुळे, हा वाद सुटत नाही. ‘वाढ संपलेली असते’ हेही अर्थात पूर्ण खरे नाही. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी जुळते आणि ते पुष्कळांत पंचविशीच्या आसपास पूर्ण होते; म्हणजे कायद्याने सज्ञान झालेल्या मुलाचा सांगाडा अजून पुरता सज्ञान झालेला नसतो.

सोयीचे कारण असे की, वैद्यकीय महाविद्यालयात याच वयाची माणसे जिन्याखाली उभी असतात. ती वेळेवर येतात, सूचना समजून घेतात आणि दुसऱ्या मोजणीलाही हजर राहतात. संशोधन निबंधात पहिले कारण सविस्तर लिहिले जाते आणि दुसरे बहुधा गाळले जाते, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रश्न : पाच-सहा जणांवर केलेल्या प्रयोगातून काही सिद्ध होऊ शकते का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : प्रश्न कोणता विचारला आहे यावर ते अवलंबून आहे. किती भारतीयांना उच्च रक्तदाब आहे हे पाच जणांवरून कधीच कळणार नाही. पण एकाच शरीरात आधी आणि नंतर काय बदलले, हे पाहायचे असेल आणि बदल मोठा असेल, तर पाच पुरतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेल्या अभ्यासाचे. सुमारे वीस वर्षांचे पाच निरोगी तरुण त्यात होते. तिघे बैठ्या सवयीचे आणि दोघे नियमित व्यायाम करणारे. त्यांना वीस दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले. त्याआधी आणि नंतर, पूर्ण जोर लावून श्रम करताना शरीर एका मिनिटात किती ऑक्सिजन वापरू शकते, हे मोजले. दमसासाचा याहून विश्वासार्ह निर्देशक नाही. सरासरी ३.३ लिटरवरून ती क्षमता २.४ लिटरवर आली, म्हणजे पाव हिश्श्याहून अधिक घट झाली. स्नायू दुबळे झाले हे त्याचे मुख्य कारण नव्हते. हृदयाच्या एका ठोक्यातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले होते, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला ठोके अधिक लागत होते. पुढे आठ आठवडे कसून व्यायाम घेतल्यावर सरासरी ३.९ लिटरपर्यंत गेली.

त्या काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे बिछान्यातून उठू देत नसत. विश्रांती हेही एक औषध आहे आणि त्याचा अतिरेक बाधतो, हे पाच धडधाकट तरुणांच्या शरीरांनी आकड्यांत दाखवले आणि रुग्णाला लवकर उठवून चालवण्याच्या आजच्या पद्धतीला त्यातून मोठे बळ मिळाले. रुग्णांवर हा प्रयोग झाला असता तर घट आजाराची की अंथरुणाची, हे सांगता आले नसते.

या कथेचा पुढचा भाग तितकाच वाचनीय आहे. १९९६ साली, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. वजने वाढली होती, चरबी जवळपास दुप्पट झाली होती आणि ऑक्सिजनची क्षमता सरासरी २.९ लिटर भरली. म्हणजे तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले नव्हते, त्याहून अधिक विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेले होते. सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामानंतर त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीजवळ आली. अर्थात पाचही जण पुरुष होते आणि एकाच देशातले होते, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वापरावेत.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. एका अभ्यासासाठी नाव दिले होते, पण हिमोग्लोबिन ११.२ आले म्हणून मला वगळले. मी तर रोज कॉलेजला जाते, खेळते. मी निरोगी नाही का? – एक विद्यार्थिनी, नगर

उत्तर : गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते, त्यामुळे त्या अभ्यासाच्या दृष्टीने वगळणे नियमाला धरून होते. खेळता येते याचा अर्थ एवढाच की कमतरता हळूहळू आली असावी आणि शरीराने तिच्याशी जुळवून घेतले असावे. ज्यांनी तपासणी केली त्यांनी हा आकडा सांगून पुढे कोठे दाखवायचे हेही सांगायला हवे होते. ते राहिले असेल तर आपण स्वतः डॉक्टरांकडे जावे. केवळ ऐकीव सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नये, कारण कमतरतेचे मूळही शोधावे लागते.

पण आपल्या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडली आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे ‘निरोगी’ची ही अट लावताच निम्म्याहून अधिक जणी दाराबाहेर राहतात. एखादी क्रिया कशी चालते हे पाहण्यासाठी अशी निवड योग्यच आहे. परंतु तिच्यातून निघालेल्या सरासरीला ‘भारतीय तरुणीची सरासरी’ म्हणणे योग्य नाही, आणि तसे सर्रास म्हटले जाते.

उलटही घडते. जो वरून निरोगी दिसतो तो आतून तसा असेलच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, म्हणजे तक्त्यात दोघेही उत्तम. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युरोपीय शरीरांवरून आखलेली रेषा आपल्याला जशीच्या तशी का चालत नाही, हे त्या एका पानाने जितके पटवून दिले तितके अनेक जाड अहवालांना जमले नाही. आज भारतीयांसाठी वजन जास्त असल्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात.

प्रश्न : अशा अभ्यासांत मुलींना कमी घेतात, असे वाचले. कारण काय? – एक वाचक, पणजी

उत्तर : मासिक पाळीबरोबर संप्रेरके बदलतात, अंडमोचनानंतर शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंशाने चढते, त्यामुळे मोजमापे ‘अस्थिर’ होतात, असे कारण पूर्वी दिले जाई. औषधांच्या बाबतीत गर्भाला अपाय होण्याची धास्ती होती; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली आणि ती १९९३ साली मागे घेतली. हिशेब नंतर चुकता करावा लागला. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या रक्तात अधिक वेळ राहते आणि सकाळी गाडी चालवताना धोका होतो, हे लक्षात आल्यावर २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा निम्मी करण्यात आली. औषध तोवर वीस वर्षे विकले जात होते. पाळीचा दिवस नोंदवून त्यानुसार मोजणी ठरवणे कष्टाचे आहे खरे, पण अशक्य नाही, आणि चांगले अभ्यास ते करतात.

प्रश्न : प्राणायामाने विद्यार्थ्यांच्या नाडीत आणि श्वास रोखण्याच्या वेळेत सुधारणा झाली, असे अनेक अभ्यास वाचायला मिळतात. ते कितपत मानावेत? – एक योगशिक्षिका, ठाणे

उत्तर : हा विषय आपल्याकडे नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. परंपरेने सांगितलेले फायदे तसेच मान्य न करता उपकरणासमोर आणण्याची त्यांची वृत्ती आजच्या पुष्कळ प्रबंधांत दिसत नाही.

श्वास रोखण्याची वेळ घ्या. नाकाला चिमटा लावून पहिल्यांदा श्वास रोखणारा मुलगा घाबरून लवकर सोडतो. तीच चाचणी दोन-चार वेळा दिली की, प्राणायामाचा एकही दिवस न करता, त्याची वेळ वाढते. रक्तदाबाचेही तसेच आहे. पांढऱ्या कोटातली व्यक्ती प्रथम पट्टा बांधते तेव्हा आकडा चढलेला असतो, तिसऱ्या भेटीत तो उतरतो. त्यात पहिली मोजणी सत्र परीक्षेच्या आठवड्यात आणि दुसरी सुट्टीनंतर झाली असेल तर विचारायलाच नको. म्हणून प्राणायाम न करणारा, पण त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच चाचण्या देणारा दुसरा गट लागतो, आणि कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागते. ज्या अभ्यासात हा गट नाही त्याचा निष्कर्ष मी बाजूला ठेवतो.

नाडीबाबत आणखी एक खुबी आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते; तरुणांत हे मनगटावर बोट ठेवूनही कळते. मिनिटाला साधारण सहा श्वास, इतक्या संथ लयीत श्वसन केले की हा चढउतार सर्वाधिक होतो. तेव्हा प्राणायाम चालू असताना घेतलेल्या आलेखात नाडीची परिवर्तनशीलता वाढलेली दिसणारच. तो त्या क्षणीच्या श्वासाचा परिणाम असतो. शरीरात टिकाऊ बदल झाला का, हे पाहायचे तर नेहमीच्या श्वासावर, निवांत पडून राहिल्यावर मोजायला हवे. अशा रीतीने केलेले अभ्यास कमी आहेत, पण आहेत, आणि आपल्या वर्गात सांगण्यासारखे तेच आहेत.

प्रश्न : शरीररचनाशास्त्र म्हणजे शवविच्छेदन, त्यात जिवंत तरुणांचे काय काम? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : बरेच काम आहे. विच्छेदनगृहात येणारे देह बहुतेक वृद्धांचे आणि संख्येने थोडे असतात. तरुण शरीराची मापे आणि भेद जिवंत माणसांतच शोधावे लागतात. अंगठा आणि करंगळीची टोके एकमेकांना टेकवून मनगट थोडे आत वाकवा; मनगटाच्या मध्यभागी दोरीसारखी एक शीर उठून दिसेल. ती शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर पामॅरिस लाँगस या बारीक स्नायूचा कंडरा आहे. काहींना तो एका हाताला नसतो, काहींना दोन्ही हातांना नसतो. पाठ्यपुस्तके सुमारे १५ टक्के सांगतात, प्रत्यक्षात लोकसमूहागणिक आकडा बदलतो. तो नसल्याने हाताच्या पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि म्हणूनच शल्यविशारद तो काढून दुसरीकडे तुटलेल्या कंडराच्या जागी वापरतात. कोणाला तो आहे हे आधी कळणे त्यांच्या दृष्टीने मोलाचे असते.

दुसरे उदाहरण पाऊल आणि उंचीचे. अपघातात किंवा गुन्ह्यात केवळ पाय सापडला तर त्यावरून उंचीचा अंदाज करायचा असतो. पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते, पण न्यायवैद्यकाला एवढे ढोबळ चालत नाही. म्हणून उंची पूर्ण झालेल्या आणि मणके अजून न दबलेल्या तरुणांची मापे घेऊन समीकरण मांडतात. मापे ठरावीक वेळी घ्यावी लागतात, कारण मणक्यांमधील चकत्या दबून सकाळची उंची संध्याकाळपर्यंत एखाद-दीड सेंटिमीटरने घटते. पाऊलही अंगाचा भार टाकल्यावर लांबते. एका भागातील मुलांवरून काढलेले समीकरण दुसऱ्या भागातील व्यक्तीला लावू नये, हे सर्वांना पाठ असते आणि पाळले मात्र कमी जाते.

प्रश्न : औषधाच्या चाचणीसाठी निरोगी तरुण हवेत, दोन मुक्काम आणि चांगले पैसे, असा निरोप माझ्या भाच्याला मित्राकडून आला आहे. जाऊ द्यावे का? – एक मामा, पुणे

उत्तर : बर्फाचे पाणी आणि हे, यांत मोठा फरक आहे. अशा बहुतेक चाचण्या बाजारात आधीच असलेल्या औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी रक्तात तेवढीच उतरते का, हे पाहण्यासाठी असतात. त्यात हातात सुई ठेवून ठरलेल्या वेळांना पुन्हा पुन्हा रक्त घेतात आणि मधे काही दिवस सोडून दुसरी गोळी देतात. धोका कमी असतो, पण शून्य नसतो. माणसाला प्रथमच दिल्या जाणाऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचले गेले आणि सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात पोचले. पहिल्याला काय होते हे पाहण्याआधी दुसऱ्याला सुई टोचू नये, हा नियम त्यानंतर कटाक्षाने पाळला जाऊ लागला.

भाच्याने औषध कोणते आणि ते माणसांत आधी दिले गेले आहे का, हे विचारावे. चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर आहे का, हे संकेतस्थळावर स्वतः पाहावे. अपाय झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार हे संमतीपत्रात वाचावे, आणि त्या कागदाची प्रत घरी आणावी; ती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या चाचणीत भाग घेतला असेल तर पैशासाठी ते लपवू नये, कारण दोन औषधे एकाच शरीरात भेटली की त्याचा त्रास त्यालाच होईल. निरोप मित्राकडून किंवा मध्यस्थाकडून आला असेल आणि केंद्राचे नाव सांगायला तो टाळाटाळ करत असेल, तर पुढे चौकशीही करू नये.